यो, तू, एया

चार वर्षं माझा भाऊ माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता, आणि आता डॉक्टर सांगत होते की त्याचं डोकं उघडल्यावर तो नीट बोलतोय की नाही, हे मी शेजारी बसून ऐकायचं. मी म्हटलं, "डॉक्टर, तुमची नातेवाईक चुकली. दुसरी कुणीतरी शोधा." त्यांना वाटलं बाई घाबरून बरळतेय. त्यांनी मला पाणी दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं.

भावाच्या मेंदूत डाव्या बाजूला गाठ होती. गाठ काढण्यासारखी होती, पण ती बरोबर भाषेच्या जागेला चिकटून बसली होती. म्हणून ऑपरेशनच्या मधल्या भागात त्याला जागं ठेवायचं. कवटी उघडी, माणूस जागा! बाई गं, मला तर ऐकूनच गरगरलं. तो चित्रांची कार्डं बघून बोलणार, आणि तो बोलत असताना डॉक्टर एका बारीक तारेचं टोक मेंदूला टेकवणार. टेकवल्यावर बोलणं चुकलं, तर ती जागा भाषेची, तिथे हात लावायचा नाही. चुकलं नाही, तर कापायचं.

"तुम्ही चूक म्हणालात की तेवढी गाठ मी आत सोडणार," डॉक्टर म्हणाले, "आणि सोडलेली गाठ परत वाढते. तुम्ही बरोबर म्हणालात की मी कापणार. ते बरोबर नसेल, तर त्याचं बोलणं गेलं. एकदा कापलेलं परत जोडता येत नाही."

ते मला नवीन नव्हतं. मी शिवणकाम करणारी बाई, कापलेलं जोडता येत नाही हे मला कोणी शिकवायला नको. पण कापड चुकलं तर दुसरं कापड आणता येतं.

माझा भाऊ दुभाष्या आहे. स्पॅनिश बोलणारी माणसं कोर्टात, दवाखान्यात, कारखान्यात कुठेही अडली की ह्याला बोलावतात. दुभाष्यांची एक रीत असते. समोरचा 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. 'हे म्हणतायत की' वगैरे नाही. चोराचं बोलणं आणलं तर हा सरळ 'मी चोरी केली नाही' म्हणणार, आणि बाळंतिणीचं आणलं तर एवढ्या मिशा घेऊन 'मला कळा येतायत' म्हणणार. दुसरी रीत अशी, की खोलीत जे बोललं जाईल ते सगळं पलीकडे पोचवायचं. गाळायचं नाही आणि गोडही करायचं नाही.

ह्या दोन रीतींनीच आमच्या घरात रामायण घडवलं. आमचं घर म्हणजे खाली माझा शिवणकामाचा कारखाना, मागे आम्हा नवरा-बायकोच्या खोल्या आणि वर भावाची खोली. त्याने लग्न केलं नाही, जेवायला माझ्याकडेच. तर चार वर्षांपूर्वी एक स्पॅनिश बोलणारा व्यापारी आला, हॉटेलांच्या गणवेशांची भलीमोठी ऑर्डर घेऊन. घरचाच दुभाष्या म्हणून मी भावाला खाली बोलावलं. व्यापाऱ्याने एका शर्टाची कॉलर उलटीसुलटी करून पाहिली, नाक मुरडलं आणि काहीतरी बोलला. आणि माझा सख्खा भाऊ माझ्या सगळ्या शिवणाऱ्या बायकांसमोर, चेहऱ्यावरची माशीही न हलू देता मला म्हणाला, "तू वाकडं शिवतेस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड फिरवून मी आपली पुटपुटले, "मेल्याच्या डोळ्यांतच वाकडेपणा आहे, त्याला माझी शिलाई काय दिसणार." आणि ह्या शहाण्याने तेही भाषांतर करून सांगितलं! शब्द न् शब्द! व्यापारी उठला, बॅग घेतली, गेला. ऑर्डर गेली, मशीनवर बसलेल्या बायका आ वासून माझ्याकडे बघत राहिल्या. मी भावाला म्हटलं, "ज्या तोंडाने हे बोललास, त्या तोंडाने पुन्हा माझ्याशी बोलायचं नाही. माझी शपथ आहे."

आता रागाच्या भरात माणूस काय काय बोलतो. दुसरा कोणी असता तर संध्याकाळपर्यंत येऊन गोड बोलला असता. पण आमचं ध्यान वेगळं. लहानपणी आमचा नियम होता, शपथ ज्याने घातली त्यानेच 'सुटली' म्हणायचं, तोवर मोडायची नाही. एकदा मी त्याला झाडावरून खाली न उतरण्याची शपथ घातली आणि विसरून घरी जेवायला निघून गेले. हा पठ्ठ्या अंधार पडेपर्यंत वर बसून राहिला. रडत होता, पण उतरला नाही.

तर तो बोलला नाही. आणि मी कशाला माघार घेऊ? चूक त्याची होती. अबोला म्हणजे उपाशी ठेवणं नव्हे, त्याचं ताट रोज वर जात होतं. आमचे हे ते घेऊन जायचे आणि येताना निरोप आणायचे, भाजीत मीठ कमी आहे. मी ह्यांच्याकडून उलटा निरोप धाडायची, मीठ वर पाठवते, स्वतः घालून घ्या. चार वर्षं नवरा माझा पोस्टमन झाला होता.

मग एका सकाळी हे धापा टाकत खाली आले. भाऊ फोनवर कोणाचं तरी बोलणं सांगत होता, वाक्याच्या मध्येच थांबला आणि खुर्चीवरून खाली पडला. त्याच दिवशी त्याला इस्पितळात नेलं, आणि तिथे ती गाठ सापडली.

भावाने डॉक्टरांना एकच मागणं घातलं. मराठी तर वाचवाच, पण स्पॅनिशही तपासा, आणि त्यातही सर्वनामं. मी, तू, तो, ती. हे मला ह्यांनी येऊन सांगितलं. "तो म्हणतो, शब्द विसरले तर पुन्हा पाठ करीन. पण कोण कोणाशी बोलतंय हेच डोक्यातून गेलं, तर माझं काम संपलं. मग मी जगून करू काय?"

"त्याला सांगा, असलं अभद्र बोलू नकोस."

"तो म्हणाला, तू असंच म्हणशील."

तपासायला खरं तर मी नव्हतेच. त्याचा एक मित्र, तोही दुभाष्या, तयार झाला होता. इस्पितळात भाषेची तपासणी करणारी एक थेरपिस्ट होती, चुणचुणीत मुलगी. पण तिला स्पॅनिशचा गंध नव्हता. तिने त्या मित्राला आधीच्या एका ऑपरेशनचं चित्रीकरण दाखवलं आणि तो गडी तिथेच आडवा झाला. शुद्धीवर आल्यावर हात जोडून म्हणाला, मला माफ करा. एक जण फोनवरून ऐकायला तयार होता, पण फोनवर आवाज पोचायला जो क्षणभर उशीर होतो तोही डॉक्टरांना चालणार नव्हता. 

"घरातलं कोणी?" थेरपिस्टने विचारलं.

आमचे हे जन्मात कधी माझ्या आधी तोंड उघडत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "हिला शिकवा. हिचे कान असे आहेत की मी मागच्या खोलीत पुटपुटलो तरी ही मशीन चालवता चालवता उत्तर देते."

मी डोळे वटारले, पण उशीर झाला होता.

कार्डं भावाने स्वतः काढली. प्रत्येकावर एक काम: खाणं, वाचणं, झोपणं, हसणं, शिवणं. वर कोपऱ्यात खूण. बाण खाली, म्हणजे बोलणारा स्वतः: यो. बाण समोर, म्हणजे जो कार्ड धरून बसलाय तो: तू. टोपीवाला पुरुष म्हणजे एल, वेणीवाली बाई म्हणजे एया. घोळका असला तर एयोस, बोलणारा स्वतःही घोळक्यात असला तर नोसोत्रोस, म्हणजे आम्ही. मागच्या बाजूला बरोबर उत्तर लिहिलेलं. 

यो म्हणजे मी. आणि तू म्हणजे? तूच! मला पहिल्या दिवशी हसू फुटलं. एवढी लांबची भाषा आणि हा एक शब्द जसाच्या तसा आपला. पण पुढे रडकुंडीला आले. ही माणसं म्हणे एरवी 'मी', 'तू' उच्चारतच नाहीत. क्रियापदाच्या शेपटीवरून ओळखायचं. कोमो म्हणजे मी खातो, कोमेस म्हणजे तू खातोस, कोमे म्हणजे तो किंवा ती. नाव न घेता बोलायची ही तऱ्हा आमच्या घराला नवीन नव्हती म्हणा. पण भावाने तपासणीसाठी नियम घातला की सर्वनाम तोंडाने म्हणायचंच, म्हणजे चूक लपणार नाही.

रोज संध्याकाळी बायका गेल्या की मी मशीनपाशी कार्डं मांडून बसायची. भाऊ जिन्याच्या वरच्या पायरीवर. आमचे हे मध्ये, खालच्या पायरीवर, चहाचा कप सांभाळत.

"त्याला विचारा, एयोस आणि एयास ह्यांत फरक काय?"

ह्यांनी मान वर केली. "फरक काय?"

"तिला सांगा, सगळ्या बायका असतील तर एयास. एक जरी पुरुष त्यात आला तर एयोस."

"शंभर बायकांत एक पुरुष असला तरी?" ह्यांनीच विचारलं.

"तरी एयोस."

"त्याला सांगा, ही असली भाषा कोणी केली?"

"तिला सांगा, मी नाही केली."

"ह्या वेगाने," हे चहा संपवत म्हणाले, "ऑपरेशनला मलाच बसवा. तुम्हा दोघांपेक्षा मला जास्त येईल."

शेवटच्या संध्याकाळी ह्यांनी एकेक कार्ड वर धरलं आणि तो वरून म्हणत गेला, मी नुसती ऐकत होते. मध्येच एका कार्डाला आवाज येईना. मी वाट पाहिली. वरून त्याचा श्वास ऐकू येत होता, जोरजोरात. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. अरे, काय झालं रे, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "एल दुएर्मे. तो झोपतो," आणि उठून खोलीत गेला. मी कार्डं गोळा केली. त्या रात्री मशीनला हात लावला नाही.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं. मला हिरवा गाऊन, टोपी, मास्क, सगळं चढवून आत नेलं तेव्हा त्याची कवटी उघडून झाली होती आणि त्याला नुकतं जागं केलं होतं. पलीकडचं काही दिसू नये म्हणून मध्ये कापडाचा मोठा पडदा होता, आणि त्या पडद्याखाली तंबूसारखी एक बोळकांडी. तिथे तो कुशीवर, डोकं लोखंडी चिमट्यात घट्ट धरलेलं. मला त्याचा अर्धाच चेहरा दिसत होता. थेरपिस्ट त्याच्या थेट समोर स्टुलावर, हातात कार्डं. मी तिच्या मागे, कशीबशी. आत इतकं गार होतं की माझे दात वाजत होते.

"मी विचारेन, तुम्ही एका शब्दात उत्तर द्यायचं," पडद्यामागून डॉक्टरांचा आवाज आला. "बरोबर किंवा चूक. विचार करत बसायचं नाही."

"बरं," मी म्हटलं.

तार न लावता पहिली फेरी झाली. भावाचा आवाज जड होता, जीभ लोळत होती, पण बिनचूक. यो कोमो. एया लेए. तू रीएस. हे शेवटचं त्याने थेरपिस्टकडे बघत म्हटलं, तू हसतेस, आणि ती बिचारी खरंच मास्कमागे हसली. माझा जीव जरासा भांड्यात पडला.

मग तार.

"एल कोमे."

"बरोबर."

"नोसोत्रोस लेएमोस."

"बरोबर."

असं चाललं. दर 'बरोबर'नंतर पडद्यामागे काहीतरी चोखल्यासारखा आवाज यायचा आणि मला कळायचं, माझ्या शब्दावर कापलं. पुढे एका कार्डावर पुस्तक होतं, बाण खाली. यो लेओ. सोपं. तो म्हणाला, "यो..." आणि थांबला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्याचा तो एक डोळा मोठा होत गेला. त्या डोळ्यातली भीती मी जन्मात विसरणार नाही. पाण्यात पाय सुटलेल्या माणसाचा डोळा होता तो.

"चूक!" मी किंचाळले.

"हळू," डॉक्टर म्हणाले. तार उचलली. भावाने मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, "यो लेओ. यो लेओ." डॉक्टरांनी तिथे एक छोटी चिठ्ठी ठेवली, हात लावायचा नाही म्हणून, आणि गाठीच्या दुसऱ्या बाजूने पुढे गेले. 

म्हणजे खरी चूक अशी दिसते, हे मला कळलं. 

किती वेळ गेला सांगता येत नाही. भाऊ थकत चालला होता. मध्ये मध्ये डोळा मिटायचा, थेरपिस्ट त्याला हाक मारून जागं करायची. लहान मुलासारखं पाणी मागत होता, ती कापसाने ओठ ओले करायची. डॉक्टर म्हणाले, "शेवटचा तुकडा. नखाएवढा आहे, पण नेमका भाषेला खेटून. हा निघाला तर आपण जिंकलो. हा राहिला तर वर्षा-दोन वर्षांत पुन्हा इथेच भेटू, आणि तेव्हा मी हे ऑपरेशन करू शकेनच असं नाही."

आणि नेमकी त्याच वेळी थेरपिस्टच्या पायात गोळा आला. इतका वेळ त्या बोळकांडीत दुमडून बसलेली पोर, कळ आली तशी विव्हळली. तिला मागे सरकावं लागलं. जागा एकाच माणसाची. तिने कार्डं माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "बसा, दाखवा, सगळं तसंच."

मी स्टुलावर बसले. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या इतकी समोर होते. भुवईवरचे केस पिकले होते. हे कधी झालं?

"दाखवा," डॉक्टर म्हणाले. "तार लावली आहे."

वरचं कार्ड उचललं. शिलाई मशीन. बाण समोर.

भावाने कार्ड पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "एया कोसे."

ती शिवते.

"बरोबर की चूक?"

कार्डाच्या मागे 'तू कोसेस' लिहिलेलं होतं. माझ्या तोंडात 'चूक' आलंच होतं. म्हटलं असतं तर तो तुकडा आत राहिला असता आणि मला कोणी काही म्हटलं नसतं. पण माझी जीभ अडकली. कारण 'एया' म्हणताना त्याचा डोळा माझ्यावरून उठून बाजूला गेला होता, डावीकडे, जरा खाली. तिथे कोणीही नव्हतं. पण घरी जिन्यावरून बोलताना तो तिथेच बघतो. तिथे आमचे हे बसलेले असतात.

आणि त्या डोळ्यात भीती नव्हती. झाडावर बसलेल्या पोराचा हट्ट होता.

"बाई! बरोबर की चूक?"

मला हवंय म्हणून मला तसं दिसत असेल तर? तार खरंच भाषेवर असेल, आणि मी आपली भलताच अर्थ लावून त्याची वाचा घालवत असेन तर? मी कोण हे ठरवणारी? चार वर्षांत ज्या माणसाचं तोंड धड पाहिलं नाही, त्याच्या डोळ्यातलं मला काय कळतं?

"थांबा," मी म्हटलं.

"थांबायला वेळ नाही. संशय असेल तर मी चूक धरतो."

"नका धरू!" कार्ड माझ्या हातातून पडलं. मी खाली वाकले, इतकी की माझा मास्क त्याच्या नाकाला लागला असता, आणि म्हटलं, "सुटली. अरे ऐकतोयस का? शपथ सुटली. सुटली, सुटली, सुटली! उतर आता खाली!"

पडद्यामागे कुठलं तरी यंत्र टुकटुक करत होतं.

"हे काय चाललंय?" डॉक्टरांचा आवाज करडा झाला होता.

"डॉक्टर, ही चूक त्याच्या डोक्यातली नाही. ही आमच्या घरातली आहे. तो माझ्याशी बोलत नाही. मी शपथ घातली होती. थेरपिस्टबाईंना तो 'तू' म्हणत होता, मला म्हणणार नाही. पुन्हा लावा तार."

"तुम्हाला खात्री आहे?"

"नाही," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. "नाही खात्री. म्हणून तर म्हणतेय, पुन्हा लावा."

डॉक्टर म्हणाले, "त्याच जागी लावतोय. दाखवा."

कार्ड उचललं, त्याच्या डोळ्यासमोर धरलं. मशीन. बाण माझ्याकडे. भावाचा डोळा बाजूला गेला, परत आला, माझ्यावर टेकला. ओठ उघडले. आवाज नाही. मी मनात म्हणत होते, बोल, गाढवा, बोल. आयुष्यभर लोकांचं बोललास, आता एकदा आपलं बोल.

"तू," तो म्हणाला.

मी कार्ड आणखी जवळ धरलं.

"तू कोसेस." जीभ ओठांवरून फिरली. "तू कोसेस तोर्सिदो."

मागून थेरपिस्टने मान पुढे काढली. "कार्डाच्या मागे एवढं नाहीये! शेवटचा शब्द जास्तीचा आहे. चूक आहे का? भलताच शब्द तोंडात येणं हीसुद्धा चूक धरतात."

"काय म्हणाला तो?" डॉक्टर विचारत होते. "लवकर सांगा, काय म्हणाला?"

तोर्सिदो. तो शब्द मला कार्डांवर शिकायची गरज नव्हती. माझी कॉलर हातात धरून त्या व्यापाऱ्याने तोच शब्द म्हटला होता, आणि चार वर्षं तो माझ्या कानात खिळ्यासारखा रुतून बसला होता. 

"तू वाकडं शिवतेस म्हणतोय," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे बरोबर!" मी ओरडले. "लख्ख बरोबर आहे! त्याला सगळं आठवतंय, मेल्याला!"

"तिसऱ्यांदा लावतो. नुसतं कार्डावरचं म्हणायला सांगा."

मी सांगितलं. स्वतःच्या तोंडाने, मध्ये कोणी नाही. "कार्डावरचं तेवढंच म्हण रे. शहाणपणा नको."

"तू कोसेस," तो म्हणाला. माझ्याकडे बघत.

"बरोबर," मी म्हटलं. "कापा."

कापताना त्याने बोलत राहायचं होतं. मी कार्डं धरत गेले, तो म्हणत गेला. तू कोमेस. तू रीएस. तू दुएर्मेस. समोरच्या बाणाचं कार्ड नसलं तरी तो आपला 'तू'च म्हणायला लागला तेव्हा मी घाबरून 'चूक' म्हणणार होते, तर त्याच्या ओठाचा कोपरा हललेला दिसला. तशाही अवस्थेत चेष्टा! मी डोळे वटारले, मग तो मुकाट्याने 'एल' म्हणाला. माझ्या मास्कच्या आत नाकाडोळ्यांचं पाणी एक झालं होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "निघाला. जेवढी काढायची होती तेवढी गाठ निघाली." मग मला उद्देशून म्हणाले, "पुढच्या वेळी घरातली भांडणं मला आधी सांगत जा."

हाड परत बसवायचं म्हणून त्याला पुन्हा थोडं गुंगीचं औषध दिलं होतं, पण आमचं ध्यान झोपेल तर शपथ. कातडीला टाके घालायची वेळ आली तेव्हा तो अर्धवट जागाच होता. मी उठायला लागले तर त्याची बोटं हलली, गाऊनच्या टोकाला अडकली.

"ताई," तो म्हणाला. मराठीत. "ताई, तू जरा बघ गं. हे तरी सरळ शिवतायत का?"

मी पडद्याच्या कडेवरून मान काढून पाहिलं. डॉक्टरांचा हात काय सुरेख चालत होता, टाका टाक्याला लागून, एका रेषेत. असं काम मी माझ्या हयातीत पाहिलं नव्हतं.

मी परत त्याच्यापाशी वाकले.

"वाकडं," मी म्हटलं. "अगदी माझ्यासारखं."